फलकाची किल्ली कुणाकडे?

माझ्या भाचीला जपानी शिकायचं आहे. बारावी झाली, सीयूईटीचे गुण आले आणि साताऱ्याच्या घरात आठवडाभर एकच विषय चालू राहिला: दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, म्हणजे जेएनयू, की पुण्यातलं एखादं कॉलेज? बारावीनंतर परदेशी भाषेत बीए करायची सोय जेएनयूत आहे आणि पुण्यातही जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. अभ्यासक्रमाचा प्रश्न नव्हताच. मेहुण्यांचं मत पहिल्याच संध्याकाळी ठरलं होतं. "तिथं राजकारण फार. टीव्हीवर बघतोय ना मी. पुण्यात शांत आहे. पोरगी शिकून बाहेर पडेल."

भाचीनं रात्री फोन केला. "मामा, तुम्ही सांगा ना बाबांना समजावून."

समजावण्याआधी मलाच नीट समजून घ्यायला हवं होतं. ज्या कॉलेजात घोषणा ऐकू येत नाहीत तिथं राजकारण नसतं का? आणि ज्या विद्यापीठाचं नाव बातम्यांत सतत येतं, तिथल्या मुलाचा मंगळवार नेमका कसा जातो? फी, प्लेसमेंट, नॅकची श्रेणी यांची तुलना करणारे तक्ते सहज मिळतात. कॉलेजच्या हवेचा तक्ता मिळत नाही. पण ही हवा काही आपोआप तयार होत नाही. ती कशी तयार होते हे कळलं, की बाहेरच्या माणसालाही ती ओळखता येते.

आपल्याकडची शांतता कुठून आली

आज पन्नाशीच्या पुढं असलेल्यांना कॉलेजच्या निवडणुका आठवत असतील. सीआर, एलआर, जीएस, यूआर ही अक्षरं तेव्हा कट्ट्यावर रोज ऐकू यायची. वर्गाचा प्रतिनिधी तो सीआर, मुलींची प्रतिनिधी ती एलआर, कॉलेजचा सचिव तो जीएस आणि विद्यापीठावर जाणारा तो यूआर. या निवडणुकांत पैसा शिरला, बाहेरची माणसं शिरली, पळवापळवी आणि मारामाऱ्या झाल्या. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्यानंतर १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणूक बंद केली. वर्गात पहिला येणारा आपोआप प्रतिनिधी होऊ लागला. खेळ, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक विभाग यांचे प्रतिनिधी प्राचार्य नेमू लागले.

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं मतदानाची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झालं, पण निवडणुका पुढं ढकलल्या गेल्या. म्हणजे आज कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांपैकीही पुष्कळांनी कॉलेजात कधी मत दिलेलं नाही. आपल्याला जी शांतता स्वाभाविक वाटते, ती तीस वर्षांपूर्वीच्या एका कायद्यानं आलेली आहे.

हे समजायला आपली सहकारी सोसायटी आठवावी. एका सोसायटीत दरवर्षी सर्वसाधारण सभा होते. पार्किंगवरून आवाज चढतात, कुणीतरी सभात्याग करतो, खालच्या वॉचमनलाही कळतं की वर भांडण चाललंय. शेजारच्या सोसायटीत सभाच होत नाही आणि सेक्रेटरी म्हणेल ते चालतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला दुसरी सोसायटी शांत दिसेल. पण पार्किंगचा प्रश्न दोन्हीकडं आहे. पहिल्या ठिकाणी तो चारचौघांत मांडला जातो, दुसऱ्या ठिकाणी सेक्रेटरीच्या ओळखीवर सुटतो किंवा सुटतच नाही.

कॉलेजचंही असंच होतं. निवडणूक गेली की राजकारण जात नाही, ते दुसऱ्या दारानं येतं. गॅदरिंगला आणि दहीहंडीला कुणाचे फ्लेक्स लागतात, प्रवेशासाठी कुणाची चिठ्ठी चालते, विद्यापीठाच्या अधिसभेवर कुणाचे लोक आहेत, इथं ते दिसतं. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या दहाही जागा युवासेनेच्या ठाकरे गटानं जिंकल्या. लढत पक्षांचीच होती. मत मात्र पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचं होतं, वर्गात बसलेल्यांचं नव्हतं.

संस्थेचा रंग

हवा ठरवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे संस्था चालवणारे लोक. हे नवं नाही. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेणारा विनायक सावरकर हा फर्ग्युसनचा विद्यार्थी होता आणि होळीला टिळक हजर होते. प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. परांजपे गोखल्यांच्या नेमस्त परंपरेतले होते. टिळक त्याच्या पंधरा वर्षं आधीच फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. पुण्यातला जहाल-मवाळ वाद असा थेट एका मुलाच्या खोलीपर्यंत येऊन पोचला. विद्यार्थ्यांची कुठलीही निवडणूक नव्हती, तरी कॉलेजला रंग होता आणि तो संस्था चालवणाऱ्यांचा होता.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि महाराष्ट्रभर खाजगी संस्था उभ्या राहिल्या. अनेक संस्थापक स्वतः राजकारणात होते. त्यांतल्या कित्येकांनी ग्रामीण मुलांना इंजिनिअर होण्याची वाट घराजवळ आणून दिली, हे मोठंच काम आहे. पण अशा कॉलेजात प्रवेश घेताना अध्यक्ष कोण, विश्वस्त कोण हे आईवडिलांना माहीत असलं पाहिजे. त्या एका माणसावर तिथलं किती चालतं, हेही विचारलं पाहिजे.

एक शहर, एक नियम, दोन तऱ्हा

आता दिल्ली. मेहुण्यांना 'दिल्ली' ही एकच गोष्ट वाटत होती. दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयू शेजारी ठेवून पाहिली तर हवा कशी घडते ते स्वच्छ दिसतं.

दोन्ही ठिकाणी नियम एकच. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपर्यंत, छापील पोस्टरला बंदी, हातानं केलेली पोस्टरं ठरवून दिलेल्या जागीच, हजेरी ७५ टक्के आणि वयाला मर्यादा.

२०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठात २७ सप्टेंबरला मतदान झालं, पण भिंती, खांब, मेट्रोच्या परिसरातली जागा इतकी विद्रूप झाली होती की दिल्ली उच्च न्यायालयानं मतमोजणीच थांबवली. घाण साफ करा, मग मोजा, असा आदेश झाला. मोजणी २५ नोव्हेंबरला झाली. त्या मतदानाची टक्केवारी होती ३५ च्या आसपास. त्याच वर्षी मार्चमध्ये जेएनयूत मतदान झालं, तेव्हा ती ७३ च्या आसपास होती.

नियम तोच असून एवढा फरक का? कारण मुलं राहतात कुठं, यात फरक आहे. दिल्ली विद्यापीठ म्हणजे शहरभर पसरलेली नव्वदेक कॉलेजं आणि लाखावर मतदार. बहुतेक मुलं मेट्रोनं येतात, तास संपला की घरी किंवा पीजीत परततात. उमेदवाराला लाखभर मुलांपर्यंत पोचायचं, तर गाड्यांचा ताफा, चेहऱ्याचं पोस्टर, पत्रकांचा पाऊस हेच हाताशी उरतं. जेएनयूत मतदार साडेसात हजारांच्या घरात, आणि मोठा भाग कॅम्पसवरच राहणारा. तिथली वसतिगृहं नद्यांच्या नावांची आहेत: झेलम, कावेरी, गोदावरी, साबरमती. आपली चंद्रभागा आणि कोयनाही त्यांत आहेत. रात्री जेवण झालं की मेसची टेबलं बाजूला सरकतात आणि तिथंच व्याख्यान किंवा वाद सुरू होतो. निवडणुकीच्या आधी अध्यक्षपदाचे उमेदवार एका मंचावर येऊन मध्यरात्रीपर्यंत एकमेकांना प्रश्न विचारतात. निवडणूक प्रशासन घेत नाही, विद्यार्थ्यांनीच नेमलेला आयोग घेतो. रोज ज्याच्यासोबत जेवायचं त्याच्यापुढं फक्त फोटो चिकटवून भागत नाही, बोलावं लागतं.

प्रश्नही राहण्यातूनच येतात. २०१९ च्या अखेरीस जेएनयूचं मोठं आंदोलन टीव्हीवर दिसलं, ते सुरू झालं वसतिगृहाच्या भाड्यावरून. दोघांच्या खोलीचं भाडं महिना १० रुपयांवरून ३०० आणि एकट्याच्या खोलीचं २० वरून ६०० करायचं ठरलं होतं. शिवाय सेवाशुल्क वेगळं. पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण जेएनयूची प्रवेशपद्धत बरीच वर्षं मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना वाढीव गुण देत आली होती. ज्याला घरून महिन्याची मनीऑर्डर येणं अवघड, असा मुलगा तिथं मोठ्या संख्येनं असतो. कोण आत येतो यावरून कशावर भांडण होणार ते ठरतं.

एक सावधगिरी. कॉलेजची कीर्ती तिथल्या आजच्या स्थितीपेक्षा पाच-दहा वर्षं मागं असते. जेएनयूच्या इमारतींवरची हातानं रंगवलेली प्रचंड पोस्टरं प्रसिद्ध होती. ती २०१९ मध्ये प्रशासनानं काढली. २०२३ च्या नियमावलीत शैक्षणिक इमारतींपासून शंभर मीटरच्या आत धरणं धरल्यास वीस हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. कुणाच्या दादाच्या मित्रानं सांगितलेलं जेएनयू आणि आता भाची जाईल ते जेएनयू एक नव्हे.

पोरगी बदलून येईल का?

मेहुण्यांची खरी काळजी ही होती, आणि मला ती हसण्यावारी न्यायची नव्हती. मुलीला लांब पाठवताना प्रत्येक बापाच्या मनात ती असते.

या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. व्हरमाँट राज्यातलं बेनिंग्टन हे तेव्हा नुकतंच सुरू झालेलं मुलींचं छोटं कॉलेज. मुली श्रीमंत, पुराणमतवादी घरांतल्या, प्राध्यापक उदारमतवादी. थिओडोर न्यूकम या मानसशास्त्रज्ञानं १९३५ ते १९३९ या काळात या मुलींचा माग ठेवला. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के मुलींचा कल रिपब्लिकन उमेदवाराकडं होता. वरच्या दोन वर्षांत तो १५ टक्क्यांवर आला होता.

प्राध्यापकांनी डोक्यात भरवलं, असं यावर चटकन म्हणता येईल. न्यूकमला दिसलं ते वेगळं होतं. ज्या मुलींना त्या छोट्या समाजात मान हवा होता, मैत्रिणी हव्या होत्या, त्या जास्त बदलल्या. ज्यांची नाळ घराशी घट्ट राहिली, किंवा ज्या कॉलेजात एकट्याच राहिल्या, त्या फारशा बदलल्या नाहीत. खरा जोर होता सोबतच्या मुलींचा. दुधात विरजण पडतं तसं हे आहे. चमचाभर विरजण पातेलंभर दूध बदलतं, पण दूध कोमट असेल तरच. नव्या ठिकाणी कुणाचं तरी व्हावंसं वाटणं, हा तो कोमटपणा. तो सतराव्या-अठराव्या वर्षी सगळ्यांत असतो, पुण्यातही असतो.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. २००७ पासून दिल्लीतल्या अनेक महागड्या खाजगी शाळांना गरीब मुलांसाठी २० टक्के जागा ठेवाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला ते तपासलं. एका प्रयोगात रिले शर्यत होती. जोडीदार निवडायचा: वेगानं धावणारा गरीब मुलगा की त्याच्यापेक्षा हळू धावणारा श्रीमंत मुलगा? अट एवढीच की शर्यतीनंतर त्या जोडीदारासोबत थोडा वेळ घालवायचा. बक्षीस ५०० रुपयांचं असताना जवळजवळ सगळ्यांनी वेगवान मुलगा निवडला. बक्षीस ५० रुपयांवर आलं, तेव्हा बऱ्याच मुलांनी हरण्याचा धोका पत्करून 'आपल्यातला' निवडला. पण ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती, त्यांच्यात हे प्रमाण कमी होतं. ती मुलं एकूणही जास्त उदार झाली होती.

मला यातून एक गोष्ट पटली. कॉलेजची हवा मोजायची तर झेंडे मोजण्याआधी बाक मोजावेत. एका बाकावर गडचिरोलीची, लातूरची, कुलाब्याची मुलं बसतात का? मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्यांना वसतिगृहात जागा मिळते का? बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभारलं, त्या एका प्रवेशदारानं मराठवाड्याचं राजकारण आणि मराठी साहित्य दोन्ही बदललं.

गेट, मेस, तालीम

राजकीय हवा आणि कॅम्पसवरचं जगणं आपण दोन वेगळे रकाने समजतो. मुलींच्या बाबतीत तर ते एकच आहेत. २०१५ मध्ये दिल्लीत 'पिंजरा तोड' ही मोहीम उभी राहिली, तिचा प्रश्न साधा होता: मुलांचं हॉस्टेल उघडं आणि मुलींचं गेट संध्याकाळीच बंद, असं का? लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी आणि मुलींना आत यायची वेळ आठ, तर त्या लायब्ररीचे तीन तास मुलींचे नाहीत. माहितीपुस्तिकेत लायब्ररीच्या वेळा छापलेल्या असतात, हे तीन तास छापलेले नसतात.

मेसमध्येही तेच. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत 'फक्त शाकाहारींसाठी' राखलेल्या टेबलांवरून वाद झाला आणि निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड झाला. त्या संस्थेत पक्षांच्या संघटनांच्या निवडणुका होत नाहीत. जिमखान्याचे सचिव निवडून येतात आणि ते अभ्यास, वसतिगृह, खेळ, सांस्कृतिक कामं पाहतात. पण टेबलावर कुणी बसायचं हा प्रश्न शेवटी ताटापर्यंत आलाच.

पुण्याची गोष्ट इथं सांगायला हवी. इथं निवडणूक नाही, पण १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा आहे. ऑगस्टच्या पावसात, तास संपल्यावर रिकाम्या वर्गात बाक भिंतीला लावून चाललेली तालीम ज्यानं पाहिली आहे, त्याला कळेल मी काय म्हणतो ते. पंचवीस-तीस मुलं एका संहितेवरून रात्री दहापर्यंत भांडतात. हे वाक्य ठेवायचं की नाही, हे पात्र असं बोलेल का, प्राचार्य हरकत घेतील का. जात, शेती, धर्म, शहर सगळं त्या एकांकिकेत येतं. दुसऱ्या शहरात जे मंचावरच्या भाषणात होतं, ते इथं रंगमंचावर होतं. ज्या कॉलेजचा संघ दरवर्षी उतरतो आणि स्वतःची संहिता लिहितो, तिथली मुलं बोलायला घाबरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

तक्रारीची वाट

इतकं सगळं पाहिल्यावर मला वाटतं, डाव्या-उजव्यापेक्षा एक प्रश्न मोठा आहे. मुलाला त्रास झाला तर तो कुठं जातो आणि पुढं काय होतं? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिनं पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर लोकपालाकडं दाद मागता येते. लैंगिक छळासाठी अंतर्गत समिती वेगळी, रॅगिंगसाठी देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. कागदावर ही वाट सगळीकडं सारखीच आहे. चालून किती जण गेलेत, हे मात्र कॉलेजागणिक बदलतं.

*चौकट: भेटीला जाल तेव्हा*
*– दुपारी नको, संध्याकाळी सहानंतर जा. कॉलेजचं खरं रूप तेव्हा दिसतं.*
*– फलक पाहा. विद्यार्थ्यांनी स्वतः लावलेला एक तरी कागद आहे का? तारीख कधीची आहे?*
*– मुलींच्या आणि मुलांच्या हॉस्टेलच्या वेळा दोन्हीकडं विचारा.*
*– तक्रार समितीतल्या एका सदस्याचं नाव दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा.*
*– गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याशी पाच मिनिटं बोला. मोर्चाचं पत्रक, एकांकिकेची संहिता आणि परीक्षेच्या नोट्स तिन्ही त्याच्याकडंच येतात.*

दोन उत्तरं

आम्ही पुण्यातल्या एका कॉलेजात गेलो. इमारत सुंदर, झाडं जुनी. जिन्याजवळ काचेच्या पेटीतला सूचनाफलक होता आणि पेटीला पितळी कुलूप. आत परीक्षेच्या फॉर्मची तारीख, शिष्यवृत्तीचं परिपत्रक, मागच्या वर्षीच्या क्रीडा स्पर्धेची यादी. शिपाई अदबीनं म्हणाले, "किल्ली ऑफिसात असते." मुलांना काही लावायचं असेल तर? "अर्ज द्यायचा, सर बघतात." कँटीनमध्ये भेटलेल्या मुली मात्र मोकळ्या होत्या. त्यांचं सगळं फोनवरच्या ग्रुपवर चालतं, आणि जपानीच्या मॅडम घरी बोलावून शिकवतात, हेही त्यांनी सांगितलं.

दिल्लीला जाणं जमलं नाही. ओळखीतून लातूरची एक मुलगी फोनवर मिळाली, जेएनयूत शिकणारी. भाचीनं कँटीनमधल्या एका मुलीला आणि हिला एकच प्रश्न विचारला: रात्री हॉस्टेलला पाणी आलं नाही, तर तुम्ही कुणाला सांगता?

पुण्यातली म्हणाली, "रेक्टर मॅडमना. त्या चांगल्या आहेत, बघतात."

लातूरची म्हणाली, "हॉस्टेलच्या अध्यक्षाला उठवतो. आम्हीच निवडून दिलंय ना."

भाचीनं दोन्ही उत्तरं वहीत समोरासमोर लिहिली आणि साताऱ्याला गेल्यावर वही बाबांपुढं ठेवली. मेहुण्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग पेन मागितलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: "मुलींचं गेट किती वाजता बंद होतं?" भाचीनं वही ओढून घेतली आणि त्याच ओळीपुढं लिहिलं, "आणि ती वेळ कुणी ठरवली?" दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून लातूरच्या मुलीला परत फोन लावला.